लोडिंग कॉइलच्या दोन्ही टोकांना प्रवाह सारखा का येत नाही?

कृष्णाकाठ यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. साताऱ्याजवळच्या आमच्या शेतावर गेले दोन महिने मी ४० मीटर पट्ट्यासाठी, म्हणजे आपल्याला, हौशी रेडिओचालकांना, परवानगी असलेल्या ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झसाठी, एक आखूड उभा अँटेना उभारून त्याची मोजमापे घेत आहे. आखूड दांड्याची कमी पडलेली लांबी भरून काढायला त्यात मधोमध एक कॉइल (लोडिंग कॉइल) घातली आहे. पुढे तो गाडीवर बसवायचा आहे. परंतु त्याआधी त्यात नेमके काय घडते ते समजून घ्यावे अशी इच्छा आहे आणि तिथेच मी अडलो आहे.

दांडा १० मिलिमीटर व्यासाच्या ॲल्युमिनियमच्या नळीचा आहे. कॉइलच्या खाली १.२ मीटर आणि वर १.२ मीटर नळी आहे. मधली कॉइल ६३ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपवर १६ गेजच्या एनॅमल तारेने गुंडाळली असून १० सेंटिमीटर लांबीत ३४ वेढे बसले आहेत. मीटरवर तिचा इंडक्टन्स ३५ मायक्रोहेन्री येतो. पायथ्याशी जमिनीवर १६ तारा पसरल्या आहेत आणि ७.१ मेगाहर्ट्झला अँटेना व्यवस्थित जुळतो.

प्रवाह मोजण्यासाठी मी दोन सारखी मापके बनवली: फेराइटची रिंग, तिच्यावर १० वेढे, १०० ओहमचा रोध, जर्मेनियम डायोड आणि १०० मायक्रोअँपिअरचा काटा. एक मापक कॉइलच्या लगेच खाली आणि दुसरे लगेच वर बसवले, आणि नंतर त्यांची अदलाबदल करूनही पाहिले. केवळ ५ वॅट शक्ती देऊन खालचा प्रवाह १ धरला, तर वरचा दर वेळी ०.७९ च्या आसपास येतो.

माझा गोंधळ असा आहे. एकसर मंडलात प्रवाह सगळीकडे सारखाच असतो, हे आपण शाळेपासून शिकत आलो आहोत. मग उरलेला २१ टक्के प्रवाह जातो कुठे? तो उष्णतेत जातो म्हणावे, तर उष्णतेत ऊर्जा जाते, प्रवाह जात नाही. दुसरी गोष्ट म्हणजे एका मित्राच्या ऑसिलोस्कोपवर दोन्ही टोकांचे नमुने शेजारी शेजारी पाहिले, तेव्हा त्यांच्या फेजमध्ये मला फरक दिसला नाही. लहर ३४ वेढ्यांतून वर जात असेल, तर तिला काहीतरी वेळ लागायला हवा; तो वेळ फेजमध्ये का दिसत नाही? कृपया जाणकारांनी सविस्तर सांगावे.

जुनी_तार यांचे उत्तर

आपण घेतलेले कष्ट पाहून आनंद झाला. माझी समजूत मी ज्यांच्याकडून शिकलो त्यांच्याकडून आलेली आहे, ती सांगतो.

पूर्ण तरंगलांबी ३६० अंशांची धरली, तर पाव तरंगलांबीचा अँटेना म्हणजे ९० अंश. ७.१ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ४२.२ मीटर भरते, तेव्हा आपला २.४ मीटरचा दांडा जेमतेम साडेवीस अंशांचा होतो. उरलेले साडेएकोणसत्तर अंश कॉइल भरून काढते. पूर्ण लांबीच्या अँटेनात प्रवाह पायथ्याशी सर्वांत जास्त आणि टोकाला शून्य असतो, आणि मधल्या भागात तो कमी कमी होत जातो. कॉइलने जो भाग भरून काढला, त्या भागात जेवढा प्रवाह कमी झाला असता, तेवढाच तो कॉइलमध्ये कमी होतो. आपल्या कॉइलमधली तार मोजली तर ती ७ मीटरच्या आसपास भरेल, आणि ७ मीटर म्हणजे साधारण ६० अंश होतात. हिशेब जवळपास जमतो, म्हणून मला ही मांडणी पटत आली आहे. चूक असेल तर जरूर दुरुस्त करावे.

वेढे_आणि_व्होल्ट यांचे उत्तर

कृष्णाकाठ, तुमचे मोजमाप मूलतः बरोबर आहे आणि त्यात किरचॉफचा नियमही (आत येणारा एकूण प्रवाह बाहेर जाणाऱ्या एकूण प्रवाहाएवढा असतो) मोडलेला नाही. खालून शिरलेला आणि वरून बाहेर पडलेला प्रवाह यांतला फरक कॉइलच्या अंगावरून, हवेतून, जमिनीकडे जातो. कॉइलचा प्रत्येक वेढा हा जमिनीच्या संदर्भात एका लहानशा कपॅसिटरची पाटी असतो, आणि त्या वेढ्यावर जेवढे व्होल्टेज असेल त्या प्रमाणात तिथून विस्थापन प्रवाह (कपॅसिटरच्या पाट्यांमधल्या हवेतून वाहतो तसा) बाहेर पडतो. हे सगळे लहान लहान प्रवाह हिशेबात धरले की आत आलेला आणि बाहेर गेलेला प्रवाह तंतोतंत जुळतो. दोन्ही टोकांना सारखा प्रवाह हा नियम ज्या कॉइलला सभोवतालाशी अजिबात कपॅसिटन्स नाही अशा कॉइलचा आहे; तशी कॉइल कागदावर काढता येते, दांड्यावर बसवता येत नाही.

आता आकडे घालून पाहू. कॉइलच्या वरच्या १.२ मीटर नळीचा कपॅसिटन्स साधारण १२.५ पिकोफॅरड असतो आणि ७.१ मेगाहर्ट्झला त्याचा रिॲक्टन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा अडथळा) १८०० ओहमच्या आसपास येतो. म्हणजे वरच्या नळीत १ अँपिअर पाठवायचा असेल, तर कॉइलच्या माथ्यावर १८०० व्होल्ट हवेत. (तुमच्या ५ वॅटलाही तिथे काही शे व्होल्ट असतात, प्रक्षेपण चालू असताना तिथे हात लावू नये, कारण भाजते.) कॉइलच्या खालच्या टोकाशी मात्र व्होल्टेज जवळपास शून्य असते. तुमच्या आकाराच्या कॉइलचा सभोवतालाशी एकूण कपॅसिटन्स ४.५ पिकोफॅरडच्या जवळपास धरता येईल. व्होल्टेज खालून वर शून्यापासून पूर्ण होत जाते, म्हणून त्याचा परिणाम निम्म्याएवढा, म्हणजे सव्वादोन पिकोफॅरडचा होतो. वरच्या प्रवाहाचे खालच्याशी गुणोत्तर म्हणजे १२.५ भागिले १४.७५, अर्थात ०.८५. या साऱ्या प्रकरणाचे मर्म याच भागाकारात आहे: प्रवाह किती घटेल हे कॉइलच्या वर लटकलेला कपॅसिटन्स आणि कॉइलचा स्वतःचा कपॅसिटन्स यांच्या प्रमाणावर ठरते.

हाच हिशेब दुसऱ्या वाटेने पडताळता येतो. कॉइलला एक प्रेषण तार समजले, तर ३५ मायक्रोहेन्री आणि ४.५ पिकोफॅरड यांवरून तिचा स्वाभाविक इंपीडन्स (तिच्यावरून जाणाऱ्या लहरीतले व्होल्टेज आणि प्रवाह यांचे गुणोत्तर) सुमारे २८०० ओहम आणि विद्युत लांबी सुमारे ३२ अंश निघते. वर १८०० ओहमचा कपॅसिटिव्ह भार असताना या तारेच्या दोन टोकांच्या प्रवाहांचे गुणोत्तर ०.८४ येते. एकाच गोष्टीकडे दोन बाजूंनी पाहिल्यावर उत्तर एकच येते, तेव्हा 'कॉइल लंप्ड की डिस्ट्रिब्युटेड', म्हणजे तिला एका जागी एकवटलेला भाग मानायचे की लांबीभर पसरलेली तार, हा वाद इथे तरी घालण्याचे कारण उरत नाही. साध्या मांडणीत कॉइलचा कपॅसिटन्स जोडायला विसरू नये, एवढेच पथ्य आहे.

जुनी_तार यांच्या मांडणीविषयी आदरपूर्वक सांगतो. ती समजूत अत्यंत प्रचलित आहे, आणि मी स्वतःही बरीच वर्षे तीच बाळगून होतो. परंतु ती खरी असती, तर कॉइलच्या माथ्यावर सव्वादहा अंशांचा आणि तळाशी पावणेऐंशी अंशांचा प्रवाह दिसला असता, आणि त्यांचे गुणोत्तर ०.१८ आले असते. कृष्णाकाठ यांनी ०.७९ मोजले आहे. मापकात थोडीफार चूक असली, तरी ०.१८ चे ०.७९ होणार नाही. मग ९० अंशांची बेरीज कशी जमते? दांड्याचा स्वाभाविक इंपीडन्स सव्वातीनशे ओहमच्या आसपास आणि कॉइलचा २८०० ओहम आहे. एवढा फरक असलेल्या सांध्यावर अंश आपोआप उडी मारतात. वरच्या नळीचे सव्वादहा अंश कॉइलच्या नजरेतून ५७ अंशांसारखे दिसतात, त्यांत कॉइलचे ३२ मिळवले की ८९ होतात, आणि खालची नळी उरलेली किरकोळ जुळवणी करते. गहाळ अंशांपैकी बरेचसे कॉइलच्या आत नाहीत. ते सांध्यावर आहेत.

तारेच्या ७ मीटर लांबीशी जुळलेला आकडा हा योगायोग आहे. शेजारचे वेढे एकमेकांशी चुंबकीयदृष्ट्या बांधलेले असल्याने लहर तारेच्या लांबीचा हिशेब ठेवत वर चढत नाही. हे पडताळायचे असेल, तर टी-२०० आकाराच्या २ क्रमांकाच्या लोहभुकटी रिंगवर सुमारे ५७ वेढे घ्यावेत. ३९ मायक्रोहेन्री मिळतील, तार ३ मीटरच्या आसपास लागेल, आणि अँटेना त्याच ७.१ मेगाहर्ट्झला जुळेल. हवेतल्या कॉइलला ३५ पुरले आणि रिंगेला ३९ लागले, याचे कारणही हवेतल्या कॉइलचा तोच साडेचार पिकोफॅरड आहे. रिंगेच्या दोन्ही टोकांना प्रवाह जवळजवळ सारखा मिळेल, कारण तिचा सभोवतालाशी कपॅसिटन्स फार थोडा असतो.

फेजच्या प्रश्नाला एक सावधगिरीची सूचना जोडतो: ऑसिलोस्कोपकडे नेण्यासाठी माथ्यावरून खाली सोडलेली केबल स्वतःच त्या ठिकाणी बराच कपॅसिटन्स लटकवते, म्हणून त्या निरीक्षणातल्या प्रवाहाच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. निष्कर्ष मात्र बरोबर आहे. या अँटेनात वर गेलेली लहर टोकावरून परत फिरते आणि दोन्ही मिळून स्थिर तरंग तयार होतो. स्थिर तरंगात जागेनुसार प्रवाहाची मात्रा बदलते, फेज जवळपास तीच राहते. कपॅसिटन्सच्या भाषेत सांगायचे, तर माथ्यावरचे व्होल्टेज प्रवाहाच्या ९० अंश मागे असते आणि कपॅसिटरचा प्रवाह व्होल्टेजच्या ९० अंश पुढे असतो. त्यामुळे कॉइलच्या अंगावरून निसटणारा प्रवाह मुख्य प्रवाहाच्याच फेजमध्ये येतो. तो मुख्य प्रवाहातून सरळ वजा होतो, काटा कमी दाखवतो, आणि फेज हलत नाही. म्हणूनच उभ्या अँटेनातल्या प्रवाहाच्या फेजवरून कॉइलमधला विलंब काढता येत नाही.

शेवटी तुमच्या ०.७९ बद्दल. माझ्या अंदाजापेक्षा तो सहा शतांशांनी कमी आहे, आणि त्याचे कारण बहुधा वरच्या मापकाचा डबा हेच आहे. रिंगेच्या खालच्या बाजूला, कॉइलच्या माथ्याला खेटून बसलेल्या डब्याने १ पिकोफॅरड जरी वाढवला, तरी भागाकार १२.५ भागिले १५.७५, म्हणजे ०.७९ होतो. डबा लहान करा, शक्य तर काटाही लहान घ्या, आणि सगळे मापक रिंगेच्या वरच्या बाजूला सरकवून पुन्हा मोजा.

कृष्णाकाठ

अतिशय मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे धातूचा डबा काढून टाकला, जुन्या टेपरेकॉर्डरमधला छोटा काटा वापरला आणि तो रिंगेच्या वर बांधला. गुणोत्तर ०.८४ आले. तीन वेगवेगळ्या दिवशी मोजले, एकदा ०.८३ आणि दोनदा ०.८४.

मग उत्साहाच्या भरात आणखी एक प्रयोग केला. वरची नळी १.२ मीटरऐवजी ४० सेंटिमीटरच ठेवली, कॉइल तीच ठेवली, आणि पायथ्याशी वेगळी कॉइल जोडून अँटेना पुन्हा ७.१ ला जुळवला. मधल्या कॉइलच्या दोन टोकांचे गुणोत्तर ०.६१ वर घसरले. ४० सेंटिमीटर नळीचा कपॅसिटन्स साडेपाच पिकोफॅरडच्या जवळपास धरून मी आपला भागाकार केला, तेव्हा मला ०.७१ अपेक्षित होते. ही तफावत मापकाची आहे की माझ्या हिशेबाची?

वेढे_आणि_व्होल्ट

हिशेबाची आहे, आणि चूक माझ्या सांगण्यातच होती, कारण 'निम्मा' हा शब्द मी अट न घालता वापरला. कॉइलच्या तळाशी व्होल्टेज जवळपास शून्य असेल, तेव्हाच कपॅसिटन्सचा निम्मा भाग धरायचा. वरची नळी आखूड केल्यावर माथ्याला सुमारे ४१०० ओहमचा भार आला. तुमची मधली कॉइल त्यातले १५६० ओहमच भरून काढते, आणि उरलेले अडीच हजारांहून अधिक ओहम पायथ्याच्या कॉइलकडे जातात. म्हणजे मधल्या कॉइलचा तळही भरपूर व्होल्टेजवर आहे आणि तिचे सगळे वेढे प्रवाह सांडत आहेत. सरासरी व्होल्टेज माथ्याच्या ८१ टक्के धरले, तर परिणाम सव्वादोनऐवजी साडेतीन पिकोफॅरडहून थोडा अधिक होतो आणि गुणोत्तर ०.६० येते. तुमचे ०.६१ उत्तम आहे.

मोठी कॉइल आणि तिच्यावर वीतभर काडी अशी रचना असलेल्यांना ४० टक्के घट का दिसते आणि माथ्यावर टोपी (कपॅसिटन्स वाढवणाऱ्या आडव्या तारा किंवा चकती) लावणाऱ्यांना ती जेमतेम का जाणवते, याचे उत्तर तुमच्या या दोन मोजमापांत आहे. टोकाच्या उदाहरणांत हे आणखी ठळक होते. टेस्ला कॉइलच्या (अतिउच्च व्होल्टेज निर्माण करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) दुय्यम गुंडाळीच्या माथ्यावर काहीच नसेल, तर तिथला प्रवाह जवळजवळ शून्यावर येतो. उलट स्वीडनमधल्या ग्रिमेटनच्या १७.२ किलोहर्ट्झ रेडिओ केंद्रात मनोऱ्यांच्या पायथ्याशी मोठाल्या लोडिंग कॉइल आहेत. परंतु त्यांच्या वर सुमारे दोन किलोमीटर पसरलेल्या तारांचा कपॅसिटन्स एवढा मोठा आहे की कॉइलचा स्वतःचा कपॅसिटन्स त्यापुढे विचारात घ्यायचे कारण पडत नाही.

सह्याद्री_मोबाईल यांचे उत्तर

मी घाटात आणि पठारावर गाडीतून ४० मीटर चालवतो, म्हणून उपयोगाच्या बाजूने थोडे लिहितो. प्रवाहातली ही घट समजून घेणे आवश्यक आहे, परंतु तिच्यामुळे किती नुकसान होते तेही पाहावे. २.४ मीटरच्या दांड्याला पायथ्याशी कॉइल लावली, तर किरणोत्सर्ग रोध (रेडिओ लहरींच्या रूपाने बाहेर जाणाऱ्या शक्तीचा हिशेब देणारा रोध) सुमारे १.३ ओहम असतो. तीच कॉइल मधोमध नेली आणि तिच्यात प्रवाह अजिबात घटत नाही असे मानले, तर तो २.९ ओहम होतो. १५ टक्के घट धरली तर साधारण २.६ ओहम उरतो. म्हणजे घटीची किंमत अर्ध्या डेसिबेलच्याही आत आहे.

खरी गळती दुसरीकडे आहे. कॉइलचा क्यू (तिचा रिॲक्टन्स भागिले तोट्याचा रोध) २०० असेल, तर तुमच्या ३५ मायक्रोहेन्री कॉइलचा तोट्याचा रोध ७.८ ओहम होतो, म्हणजे किरणोत्सर्ग रोधाच्या तिप्पट. जमिनीचा तोटा १० ओहम धरला, तर १०० वॅटपैकी सुमारे १३ वॅट हवेत जातात; पायथ्याला कॉइल असती तर ८ गेले असते. क्यू ३०० वर नेला की १३ चे जवळपास १५ होतात. म्हणून दोन वेढ्यांत तारेच्या जाडीएवढे अंतर ठेवणे, पाइप शक्य तितक्या पातळ भिंतीचा घेणे, आणि कॉइलच्या दोन्ही टोकांना धातूच्या रुंद चकत्या न बसवणे, या गोष्टींकडे लक्ष द्यावे. वरची चकती दुहेरी नुकसान करते: तिच्यात भोवरा प्रवाह फिरून क्यू पडतो, आणि कॉइलच्या माथ्याचा कपॅसिटन्स वाढून वर जाणारा प्रवाहही कमी होतो.

टोपी लावायची असेल, तर ती दांड्याच्या अगदी शेंड्याला लावावी. मी ती एकदा सोयीसाठी कॉइलच्या चार बोटे वर लावली होती. अँटेना कमी वेढ्यांत जुळला याचा आनंद झाला, पण टोपीत गेलेला प्रवाह वरच्या नळीत पोहोचतच नव्हता, आणि नेहमीच्या मंडळींनी सिग्नल उतरल्याचे लगेच सांगितले. टोपी शेंड्यावर नेल्यावर तो प्रवाह संपूर्ण नळीतून जाऊ लागला.

जुनी_तार

दोघांचेही आभार. ०.१८ आणि ०.७९ हे दोन आकडे शेजारी ठेवल्यावर माझी मांडणी सोडून देण्यावाचून पर्याय उरत नाही, आणि ती मी मोकळ्या मनाने सोडतो. एक शंका मात्र आहे. माझा अँटेना वर्षानुवर्षे पायथ्याशी कॉइल असलेला आहे आणि मी औष्णिक मापकाने दोन्ही बाजू कधीतरी मोजल्या होत्या, तेव्हा काट्यात फरक जाणवला नव्हता. मला तो जाणवायला हवा होता का?

वेढे_आणि_व्होल्ट

जाणवणे कठीणच होते. पायथ्याशी कॉइल असताना तिच्या वर पूर्ण २.४ मीटरचा दांडा असतो. त्याचा कपॅसिटन्स २४ पिकोफॅरडच्या आसपास, आणि जुळवणीला २१ मायक्रोहेन्री पुरतात. कॉइल लहान असल्याने तिचा कपॅसिटन्स ३ पिकोफॅरड धरला, तर परिणाम दीड पिकोफॅरडचा होतो आणि गुणोत्तर ०.९४ येते. औष्णिक मापकाच्या वर्गीय पट्टीवर, विशेषतः काटा खालच्या भागात असेल तेव्हा, सहा टक्के सहज नजरेआड होतात. आपली कॉइल धातूच्या पेटीत असेल, तर मात्र झाकण काढून आणि झाकण लावून असे दोनदा मोजून पाहावे, कारण पेटीच्या भिंती जवळ असल्या की त्या ३ पिकोफॅरडचे ६ किंवा ८ व्हायला वेळ लागत नाही, आणि तेव्हा फरक आपल्या काट्यावरही दिसेल.